गंज आणि झीज: बॉक्सरचे वर्ष ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बॉक्सर घडवणारे प्रशिक्षक, त्यांच्या लढती ठरवणारे व्यवस्थापक आणि त्या भरवणारे प्रवर्तक यांस

सादर नमस्कार.

हे पत्र तुम्हा तिघांना एकत्र लिहीत आहे, कारण बॉक्सरचे वर्ष तुम्ही तिघे मिळून ठरवता आणि तरीही ते संपूर्ण वर्ष तुमच्यापैकी कोणालाच दिसत नाही. लढती किती आणि कधी, हे व्यवस्थापक आणि प्रवर्तक ठरवतात. दोन लढतींच्या मधल्या काळात काय करायचे, हे प्रशिक्षक ठरवतो. लढतींची नोंद चोख असते. तारीख, प्रतिस्पर्धी, फेऱ्या, निकाल हे सारे कोणालाही पाहता येते. सरावाची नोंद मात्र बहुतेक ठिकाणी ठेवलीच जात नाही. या महिन्यात स्पारिंगच्या, म्हणजे जोडीदाराशी सरावासाठी केलेल्या लढतीच्या, किती फेऱ्या झाल्या, त्यांतल्या किती पूर्ण जोराने झाल्या, किती वेळा डोके सुन्न झाले, असे विचारले तर प्रशिक्षक अंदाजाने उत्तर देतो आणि बॉक्सर, आपल्याला बसवून ठेवतील या भीतीने, कमी करून सांगतो.

मी अनेक वर्षे रिंगच्या कोपऱ्यात दुय्यम सहायक म्हणून उभा राहिलो आहे. बादली, बर्फ, व्हॅसलीन आणि टॉवेल एवढेच माझे खाते, त्यामुळे डावपेचांविषयी अधिकाराने बोलण्याचा माझा हक्क मर्यादित आहे. पण त्या जागेवरून जे दिसले ते सांगितले पाहिजे. आमच्याकडच्या एका मुलाच्या नावावर एका वर्षात एकच लढत लागली आणि तीत तो सुरुवातीपासून मंद दिसला. येणारा ठोसा त्याला दिसत होता, पण डोके हलेपर्यंत तो बसलेला असे. पाहणाऱ्या जाणकारांनी लगेच निदान केले, की लढती न मिळाल्यामुळे तो गंजला आहे. वास्तविक त्या वर्षी त्याच्या चार लढती ठरल्या होत्या. एक प्रतिस्पर्ध्याच्या दुखापतीमुळे रद्द झाली, एक पैशांच्या वादामुळे, आणि तिसरीचे कारण आम्हाला कधी कळवलेच गेले नाही. तयारी मात्र चारही लढतींची शेवटच्या आठवड्यापर्यंत पूर्ण झाली होती. चार वेळा वजन उतरवले गेले आणि चार वेळा स्पारिंग शिगेला नेले गेले. हिशेब कोणीच ठेवला नव्हता, त्यात मीही आलो. पण नंतर बसून आठवून आठवून बेरीज केली तेव्हा स्पारिंगच्या चारशेहून अधिक फेऱ्या निघाल्या. तो मुलगा गंजला नव्हता, झिजला होता. या दोन दुखण्यांची लक्षणे बाहेरून अगदी सारखी दिसतात आणि उपाय मात्र परस्परविरुद्ध आहेत. आम्ही त्याला दोन महिन्यांत पुन्हा रिंगमध्ये उतरवले, म्हणजे गंजाचे औषध झिजेला दिले. त्याचे पुढे काय झाले असेल, ते तुम्ही ओळखालच.

लढतींच्या संख्येचा विषय निघाला की जुन्या काळाचा दाखला येतो, आणि तो दाखला खोटा नाही. हॅरी ग्रेब १९१९ या एकाच वर्षात ४५ वेळा लढला. हेन्री आर्मस्ट्राँगने १९३७ मध्ये २७ लढती केल्या आणि सगळ्या जिंकल्या. पुढच्याच वर्षी तीन वजनगटांची जगज्जेतेपदे एकाच वेळी त्याच्याकडे होती. शुगर रे रॉबिन्सनने ५ फेब्रुवारी १९४३ रोजी जेक लामोटाकडून व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला पराभव पत्करला, १९ तारखेला तो दुसऱ्याच प्रतिस्पर्ध्याशी लढला आणि २६ तारखेला पुन्हा लामोटासमोर उभा राहून जिंकला. आजचे अनेक जगज्जेते वर्षातून दोनदा रिंगमध्ये येतात, आणि त्यामुळे आजचा बॉक्सर कच्चा राहतो, असा या दाखल्याचा निष्कर्ष असतो.

या निष्कर्षात तथ्य आहे, पण अर्धेच. आर्ची मूर १९३५ मध्ये व्यावसायिक झाला आणि जगज्जेता झाला तो डिसेंबर १९५२ मध्ये, दीडशेहून अधिक लढतींनंतर. त्याच्या बचावातला शांतपणा आणि ठोशाची वाट पाहण्याची त्याची तयारी त्या लढतींतूनच आली, हे कबूल करावेच लागेल. मात्र आपल्याला ज्यांची नावे आठवतात ती त्या कारखान्यातून शाबूत बाहेर पडलेल्यांची आहेत. जे मोडले त्यांची नावे आठवायला कोणी उरले नाही. शाबूत हा शब्दही जपूनच वापरला पाहिजे. ग्रेब कारकिर्दीची शेवटची वर्षे एका डोळ्याची दृष्टी गेलेल्या अवस्थेत लढला. रॉबिन्सन आणि दोनशेहून अधिक लढती जिंकणारा विली पेप या दोघांचाही अखेरचा काळ स्मृतिभ्रंशात गेला. शिवाय जुन्या बॉक्सरचे आणखी एक वैशिष्ट्य या चर्चेत हटकून सुटते: दर दोन-तीन आठवड्यांनी लढणाऱ्याला मध्ये जोराच्या स्पारिंगची फारशी गरज पडत नसे, आणि वजनही सतत लढतीच्या आसपासच राहत असे. त्यांच्या लढती आजच्या मापाने अफाट होत्या, पण लढतींखेरीज होणारी झीज कदाचित आजच्यापेक्षा कमी असेल. त्यांची वर्षाला वीस लढतींची संख्या उचलायची आणि तिच्यावर आजची दहा आठवड्यांची स्पारिंगची तयारी चढवायची, हे दोन्हींतले वाईट तेवढे एकत्र करणे आहे.

आता, लढत नेमके काय शिकवते? सरावात सहा फेऱ्या सहज काढणारा नवखा मुलगा पहिल्या लढतीच्या दुसऱ्या फेरीत तोंडाने श्वास घेऊ लागतो, हे तुमच्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. त्याचा दम कमी पडलेला नसतो. भीतीने खांदे वर ओढले जातात, मुठी गरज नसताना आवळल्या जातात, प्रत्येक ठोसा पूर्ण ताकदीने जातो आणि सहा फेऱ्यांची शिदोरी दोन फेऱ्यांत संपते. हे सैल होणे प्रशिक्षक हातांत धरतो त्या पॅडवर ठोसे मारून शिकवता येत नाही, कारण पॅड धरणाऱ्याची भीती वाटत नाही. सरावातला जोडीदार ओळखीचा असतो. त्याचा उजवा हात कधी येतो, दमल्यावर तो कोणत्या बाजूला सरकतो, हे पाठ झालेले असते. लढतीत समोर अनोळखी माणूस असतो आणि पहिल्या दोन मिनिटांत त्याचे अंतर, त्याची लय आणि त्याची फसवी हालचाल वाचावी लागते. अनोळखी माणूस वाचण्याची ही कला अनोळखी माणसांसमोर उभे राहूनच येते. सरावातल्या १६ औंसांच्या ग्लोव्ह्जमागे झाकला जाणारा चेहरा लढतीतल्या ८ किंवा १० औंसांच्या ग्लोव्ह्जमागे झाकला जात नाही, हेही पहिल्यांदा तिथेच कळते. पंच मिठी कधी सोडवतो, पडल्यावर आठपर्यंतच्या मोजणीत काय करायचे, फेरीची शेवटची तीस सेकंदे गुणलेखकांच्या नजरेत कशी भरवायची, या गोष्टी सांगून समजतात, पण अंगात भिनतात त्या लढूनच.

लढत जे शिकवत नाही, त्याच्याविषयी मात्र फारच कमी बोलले जाते. लढत नवे काहीही शिकवत नाही. दडपणाखाली शरीर जुन्या सवयीकडे परतते. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारून डावा हात हनुवटीऐवजी कमरेच्या उंचीवरून परत आणणाऱ्या मुलाला ही सवय मोडायची असेल, तर आठवडेच्या आठवडे संथ, कंटाळवाणी पुनरावृत्ती लागते: आरशासमोर शॅडो बॉक्सिंग (काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी सराव), हलक्या हाताचे ठरवून केलेले स्पारिंग, पॅडवर ठोशांची तीच ती जोडी. दर चार आठवड्यांनी लढणाऱ्याकडे हा वेळ नसतो. पहिला आठवडा सूज उतरण्यात जातो, शेवटचा वजनात आणि विश्रांतीत, आणि मधल्या दोन आठवड्यांत आगामी प्रतिस्पर्ध्याची तयारी होते. असा बॉक्सर तीन वर्षांत तीस लढती करून तसाच्या तसा राहिलेला मी पाहिला आहे. त्याला जे येत होते ते त्याला फार चांगले येऊ लागले आणि जे येत नव्हते ते कायमचे राहून गेले. वर्षातून एकदाच लढणाऱ्याची गत निराळी, पण बरी नाही. सराव थांबला की काही आठवड्यांतच दम उतरू लागतो, वजन वाढते, आणि तयारीचे पहिले पाच आठवडे केवळ पूर्वीच्या जागी परतण्यात खर्ची पडतात. नवे शिकायला वेळ त्यालाही मिळत नाही, हा यातला विनोद.

म्हणून लढतींची नुसती संख्या पाहून काहीच ठरवता येत नाही. माइक टायसनचे उदाहरण जलद वाटचालीचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केले जाते. ६ मार्च १९८५ रोजी त्याने पहिली व्यावसायिक लढत केली आणि २२ नोव्हेंबर १९८६ रोजी, २८व्या लढतीत, विसाव्या वर्षी तो जगज्जेता झाला. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण १९८५ मधल्या १५ लढतींपैकी ११ पहिल्याच फेरीत आटोपल्या आणि त्या संपूर्ण वर्षात त्याच्या २२ फेऱ्यासुद्धा पूर्ण झाल्या नाहीत. बारा फेऱ्यांच्या दोन लढती करणाऱ्याच्या फेऱ्या याहून अधिक भरतील. टायसनला त्या वर्षाने रिंगमध्ये जाण्याची सवय दिली, प्रेक्षकांची आणि दिव्यांची सवय दिली, आणि मोबदल्यात मार जवळजवळ घेतला नाही. तो कार्यक्रम आखणाऱ्यांना संख्या आणि भार यांतला फरक पक्का ठाऊक होता. त्यांचे अनुकरण करणारे मात्र संख्याच उचलतात.

याच्या उलट वासिल लोमाचेन्कोविषयी सांगितले जाते, की तिसऱ्याच लढतीत तो जगज्जेता झाला. हेही आकड्याचे फसवेपण आहे. त्याच्यामागे हौशी बॉक्सिंगमधल्या जवळपास चारशे लढती आणि २००८ व २०१२ ची ऑलिंपिक सुवर्णपदके होती. एवढी शिदोरी असूनही मार्च २०१४ मध्ये, दुसऱ्या व्यावसायिक लढतीत, तो ऑर्लांडो सालिदोकडून हरला. सालिदोच्या खात्यावर तेव्हा डझनभर पराभव होते, आणि माझ्या मते तो नेमका त्या पराभवांच्या बळावर जिंकला. अंगाला चिकटून लढणे, पंचाच्या नजरेआड कमरेच्या आसपास मारणे, बारा फेऱ्यांत दम कुठे राखायचा आणि कुठे उधळायचा, हे तीन फेऱ्यांच्या हौशी लढतींत चारशे वेळा उतरूनही शिकता आले नसते. अनुभवाच्याही जाती असतात. व्यवस्थापकांना म्हणूनच एक अप्रिय गोष्ट सांगायची आहे: पराभवाचा डाग नको म्हणून निवडलेल्या दहा दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांनी तुमच्या बॉक्सरला एक अनुभव दहा वेळा दिलेला असतो. एक डावखुरा, एक उंच आणि लांब हातांचा, एक पोटावर मारत पुढे येणारा, एक मिठी मारून वेळ काढणारा, असे चार निराळे प्रतिस्पर्धी त्या दहांपेक्षा अधिक शिकवतात, मग त्यांतली एखादी लढत गुणांवर हातची गेली तरी चालेल.

लढतींत पडणाऱ्या मोठ्या खंडाविषयीही थोडे लिहितो. मुहम्मद अली १९६७ च्या मार्चपासून १९७० च्या ऑक्टोबरपर्यंत लढतींपासून दूर ठेवला गेला. परतल्यावर साडेचार महिन्यांत दोन लढती करून त्याने ८ मार्च १९७१ रोजी जो फ्रेझियरला आव्हान दिले आणि पंधरा फेऱ्यांनंतर तो हरला. जॉर्ज फोरमनने दहा वर्षांच्या खंडानंतर दुसरा मार्ग धरला. १९८७ मध्ये परत आल्यावर त्याने जगज्जेतेपदाच्या पहिल्या आव्हानापूर्वी २४ लढती केल्या, बहुतेक कमी धोक्याच्या, आणि समीक्षकांची थट्टा सहन केली. तो सामना तो हरला खरा, पण १९९४ मध्ये, ४५व्या वर्षी, विजेतेपद त्याच्याकडे आले. गंजावर लहान, वारंवार आणि सोप्या लढतींचा उपाय चालतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही. (शुगर रे लेनर्ड पाच वर्षांत एकच लढत करून १९८७ मध्ये मार्व्हिन हॅगलरला हरवून गेला, हे मला कोणीतरी ऐकवणारच. ते खरे आहे. पण लेनर्डच्या जोरावर धोरण आखू नये.)

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे न मोजलेल्या फेऱ्यांकडे येतो. साधा गुणाकार करून पाहा. आठ आठवड्यांची तयारी, आठवड्यातून तीन दिवस स्पारिंग, प्रत्येक दिवशी सहा फेऱ्या: एका लढतीसाठी १४४ फेऱ्या. यांतल्या तीन चतुर्थांश हलक्या हाताच्या होत्या असे मानले, तरी ३६ फेऱ्या जोराच्या उरतात, म्हणजे बारा फेऱ्यांच्या तीन लढती. नोंदीत एक लढत दिसते आणि डोक्याने मात्र चार घेतलेल्या असतात. वर्षातून दोनदाच लढणाऱ्या बॉक्सरला आपण ताजा म्हणतो ते कोणत्या आधारावर? अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या व्यायामशाळा एकेकाळी याच कारणासाठी प्रसिद्ध होत्या; चांगले बॉक्सर आपल्या उत्तम लढती तिथे, बिनपैशांच्या, एकमेकांविरुद्ध लढून टाकत. उलट इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये प्रशिक्षक ब्रेंडन इंगल यांच्याकडे मुले बराच काळ फक्त अंगावर मारण्याचे स्पारिंग करत, डोके वगळून. तिथून नसीम हमीदसारखा जगज्जेता निघाला, आणि अंतर व वेळ साधण्यात त्याचा हात धरणारे त्या काळी थोडेच होते.

मेंदूला होणाऱ्या इजेचे ज्ञान काही आजचे नाही. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच ठोसे खाऊन अडखळत चालणाऱ्या बॉक्सरचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात केले होते. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट्स यांच्या अभ्यासात ब्रिटनमधले २२४ माजी व्यावसायिक बॉक्सर तपासले गेले आणि सुमारे १७ टक्क्यांत मज्जासंस्थेच्या इजेची लक्षणे आढळली. कारकीर्द जितकी लांब आणि लढती जितक्या अधिक, तितके प्रमाण अधिक होते. अलीकडच्या काळात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयाने चालवलेल्या लढवय्यांच्या दीर्घ अभ्यासातही लढतींच्या संख्येबरोबर मेंदूच्या काही भागांचे आकारमान घटलेले दिसले आहे. या मोजणीत लढती येतात, कारण नोंद लढतींची असते. हेडगार्डने जखम आणि सूज टळते, कवटीच्या आत मेंदूचे हिसकणे टळत नाही. जाड ग्लोव्ह्जचेही तेच. नियमांनी तरी काय साधते? हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्याला मार बसून लढत थांबली तर किमान ३० दिवस लढतही बंद आणि स्पारिंगही बंद. लढत बंद राहते, कारण नाव यादीत असते. स्पारिंग बंद राहते की नाही, हे पाहायला व्यायामशाळेत कोण येतो?

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत. प्रशिक्षकांनी स्पारिंगची प्रत्येक फेरी एका वहीत लिहून ठेवावी: कोणाबरोबर, किती जोराने, डोक्याला किती ठळक दणके, दुसऱ्या दिवशी डोकेदुखी होती की नाही. हे काम कोपऱ्यातल्या माझ्यासारख्या माणसावर सोपवले तरी चालेल. आम्हाला तेवढा वेळ असतो. पहिल्या एक-दोन वर्षांत मुलाला चार फेऱ्यांच्या, नीट जुळवलेल्या लढती दर पाच-सहा आठवड्यांनी मिळाव्यात आणि मधले स्पारिंग हलके असावे, कारण त्या टप्प्यावर लढतीच त्याचे खरे शिक्षण असतात. वयाने कोवळ्या मुलांबाबत मात्र हात आखडता घ्यावा. विल्फ्रेड बेनिटेझ पंधराव्या वर्षी व्यावसायिक आणि १९७६ मध्ये सतराव्या वर्षी जगज्जेता झाला, आणि पुढे मेंदूच्या आजाराने पूर्णपणे परावलंबी झाला. आठ-दहा फेऱ्यांच्या लढती सुरू झाल्या की वर्षाला तीन-चार पुरेत, पण मधला एक खंड असा राखावा ज्यात कोणताही प्रतिस्पर्धी डोळ्यांसमोर नसेल आणि दोन-तीन महिने केवळ एखादी उणीव दुरुस्त करण्यात जातील. हा खंड दिसायला रिकामा दिसतो आणि त्यावर कोणी पैसे देत नाही, म्हणून तो पहिला कापला जातो.

व्यवस्थापकांनी पुढची तारीख मागच्या निकालावरून ठरवू नये. गुणांवर मोठ्या फरकाने जिंकलेल्या लढतीतही बॉक्सरने बारा फेऱ्या मार खाल्लेला असू शकतो, आणि पहिल्या फेरीत डोळ्यावरच्या जखमेमुळे हरलेला मुलगा टाके सुकताच सरावाला उभा राहू शकतो. जिंकला म्हणून सहा आठवड्यांत पुन्हा, हरला म्हणून आठ महिने अडगळीत, ही पद्धत नेमकी उलटी पडते. वजनाचाही हिशेब याच वहीत यावा. वर्षातून चार वेळा लढवायचे असेल तर त्याला वजनगट असा हवा, की प्रत्येक वेळी सहा-सात किलो पाणी पिळून काढावे लागणार नाही. आदल्या दिवशी तराजूवर कोरडा ठणठणीत उभा राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी डोक्यावर ठोसे घेतो, तेव्हा त्याच्या शरीरातले पाणी पूर्ण भरून आले आहे याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

आणि प्रवर्तकांना सर्वांत मोठी विनंती रद्द होणाऱ्या लढतींविषयी आहे. तुमच्या कागदावर रद्द लढत म्हणजे शून्य असते. बॉक्सरच्या शरीरावर ती पूर्ण लढतीच्या तयारीएवढी भरते, फक्त अनुभव आणि मानधन वजा करून. शेवटच्या तीन आठवड्यांत लढत रद्द झाली तर बॉक्सरला मानधनाचा ठरावीक हिस्सा मिळावा, म्हणजे भाडे आणि घरखर्च यांसाठी त्याला लगेच दुसरी तारीख शोधत फिरावे लागणार नाही. आणि त्या रद्द लढतीची नोंद तयारीतल्या फेऱ्यांसह त्याच्या वहीत व्हावी. पुढच्या लढतीचा करार करताना वैद्यकीय दाखल्याबरोबर ही वहीही मागवून घ्या. ज्या मुलाबद्दल वर लिहिले, त्याची वही आमच्यापाशी असती, तर चौथ्या लढतीला मी बादली उचलण्याऐवजी मुख्य प्रशिक्षकांसमोर ती उघडून ठेवली असती.

कळावे,

आपला नम्र,
कोपऱ्यातला एक सहायक